नोकरीत असताना मोठं आजारपण आलं आणि कंपनी काढायला निघाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ च्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या मिस्टरांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपमधे ऑपरेटर होते, ११ वर्षं सर्व्हिस. कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायची गरज पण नाही कारण असं एकाच गेटच्या आत होतं असं थोडंच ए. तेव्हापासून लेबर ऑफिस, घाटी (संभाजीनगरचा सरकारी दवाखाना), ईएसआय (कामगार विमा), वकील असे सगळे उंबरे झिजवले आणि आता रांजणगाव शेणपुंजीत कुणाच्या घरी असं झालं की लोक माझ्याकडं येतात, वहिनी तुमची ती फाईल दाखवा म्हणून. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाचं लिहून टाकते. मी वकील नै, शिवणकाम करते, पण जे लिहिलंय ते कागद चाळून चाळून लिहिलंय.

एचआरवाले म्हणतात राजीनामा लिहून द्या, हिशोब चांगला करून देतो. द्यावा का?

नका देऊ. निदान त्या दिवशी तर अजिबातच नका देऊ.

आमच्याकडं काय झालं सांगते. मिस्टर काठी धरून चालायला लागले आणि एचआरचा फोन आला, येऊन भेटून जा. गेलो तर चहा आला, बिस्किट आलं, तब्येतीची विचारपूस झाली, आणि मग हळूच एक टाईप केलेला कागद सरकवला, "मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने..." वगैरे. साहेब म्हणे अहो ताई कंपनी काढत नाहीये, पण यांना आता काम जमणार नाही ना, मग उगाच रेकॉर्ड कशाला खराब करायचं. इतकं गोड बोलत होते की मिस्टरांनी डाव्या हातात पेन घेतला होता बरं का. मी म्हणलं साहेब, काम जमणार नाही म्हणून काढताय ना, तर तसंच लिहून द्या तुमच्या लेटरहेडवर. तर चेहराच बदलला.

सगळी मेख इथंच ए. तोंडी कारण असतं आजार, आणि कागदावर येतं स्वखुशी. एकदा स्वखुशी लिहिलं की तुम्हाला काढलंच नाही, तुम्हीच गेलात. मग नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही, आणि कोर्टात जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. म्हणून कारण त्यांच्याकडून कागदावर घ्या. ते देत नसतील तर घरी येऊन त्याच दिवशी तुम्हीच एक ईमेल नाहीतर स्पीड पोस्ट टाका, की आज अमुक वाजता मला बोलावून राजीनामा मागितला, मी दिलेला नाही, मला काम करायचंय. पोचपावती जपून ठेवा. चुकून सही झालीच असेल तर दुसऱ्याच दिवशी मागे घेतल्याचं पत्र द्या, महिनाभर रडत बसू नका.

आजार म्हणजे अपंगत्व धरतात का? कॅन्सर, डायलिसिस, हार्ट अटॅक?

नुसता आजार म्हणजे अपंगत्व नै. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा ए, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकार दिलेत. जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ च होते. आता त्यात पार्किन्सन ए, मल्टिपल स्क्लेरोसिस ए, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मानसिक आजार, ॲसिड हल्ला झालेले, कुष्ठरोगातून बरे झालेले, हे सगळे आले. पण कॅन्सर, किडनी, हार्ट ही नावं त्या यादीत नाहीत. म्हणजे कॅन्सरमुळं पाय काढावा लागला तर ते हालचालीचं अपंगत्व, घशाच्या ऑपरेशननं आवाज गेला तर ते वाचेचं, शुगरनं नजर गेली तर दृष्टीचं. आजाराचं नाव काय यापेक्षा शरीराचं काय गेलं हे मेडिकल बोर्ड बघतं आणि अपंगत्वाचे टक्के लिहून देतं. लकव्याचं तसंच, आमचं ५५ टक्के निघालं.

डायलिसिसवाल्यांचा आधार वेगळा ए, तो खाली ईएसआयच्या प्रश्नात सांगते, ते वाचल्याशिवाय निराश होऊ नका.

४० टक्क्यांच्या खाली आलं तर सगळंच गेलं का?

नाही गेलं. ४० टक्के लागतात ते आरक्षणाला आणि बऱ्याच योजनांना. भेदभाव करू नये आणि कामात वाजवी सोय करून द्यावी हा हक्क ४० च्या खालच्यालाही ए, सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२१ मधे एका यूपीएससीच्या उमेदवाराच्या केसमधे हे स्पष्ट केलं, त्याला परीक्षेत पेपर लिहायला लेखनिक नाकारला होता. एचआरला हे माहीत नसतं, किंवा असतं पण सांगत नाहीत.

मी झेडपीचा शिक्षक आहे / एसटीला ड्रायव्हर आहे / रेल्वेत आहे. मला काढू शकतात का?

तुम्ही नशीबवान म्हणायचे. कायद्याचं कलम २०, पोटकलम ४, हे पाठच करून ठेवा. सरकारी आस्थापनेतल्या माणसाला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर, त्याच फायद्यांवर दुसऱ्या कामावर घ्यायचं, आणि तशी जागाच नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत अधिसंख्य म्हणजे जादाचं पद तयार करून त्यावर ठेवायचं. महामंडळं आणि रेल्वे पण यातच येतात, नांदेड डिव्हिजनवाले पण.

२००३ मधे एक कॉन्स्टेबल पाय गेल्यावर सुप्रीम कोर्टात गेला होता, त्याला इनव्हॅलिड पेन्शनवर घरी बसवलं होतं, कोर्ट म्हणालं पेन्शन दिली म्हणून काढणं बरोबर ठरत नाही. आणि आत्ता ऑगस्ट २०२५ मधे आपल्या शेजारच्या तेलंगणाच्या एसटीतल्या ड्रायव्हरचं प्रकरण आलं, रंगांधळेपणा निघाला म्हणून घरी पाठवलेला, दुसरं काम द्यायचा साधा प्रयत्न केला नाही म्हणून कोर्टानं महामंडळाला फटकारलं, कामावर घ्या म्हणाले, आणि अडकलेल्या पगाराचा २५ टक्के भाग पण द्यायला लावला. तेव्हा डेपो मॅनेजर अनफिट म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म पुढं करत असेल तर तो फॉर्म तिथंच ठेवा आणि पर्यायी कामाचा अर्ज द्या. नाही ऐकलं तर आपलं संभाजीनगरचं खंडपीठ ए, ते लोक मुंबईला जायचं म्हणून घाबरवतात ते उगाच.

मग प्रायव्हेट कंपनीला हा कायदा लागूच नाही?

लागू ए, पण दात कमी आहेत, खरं ते सांगते. ते कलम २० चं कवच सरकारीला, प्रायव्हेटला तसं सरळ लिहिलेलं नाही. पण तीन गोष्टी हातात येतात. कलम ३ भेदभावाला मनाई करतं, आणि केलाच तर तो कुठल्या वाजवी कारणासाठी गरजेचा होता हे दाखवावं लागतं. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, प्रायव्हेटलाही. आणि तिसरी मला सगळ्यात कामाची वाटलेली, केंद्राच्या २०१७ च्या नियमांत ए, की २० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रायव्हेट कंपनीच्या प्रमुखाकडं भेदभावाची तक्रार गेली तर एकतर त्यानं कारवाई करायची नाहीतर भेदभाव कसा योग्य हे लेखी कळवायचं. लेखी! आम्ही एक पानी अर्जात समान संधी धोरणाची कॉपी मागितली आणि नियमाप्रमाणं लेखी उत्तर मागितलं. धोरणाची कॉपी आलीच नाही, कारण ते केलेलंच नव्हतं. पण त्या अर्जानंतर राजीनाम्याचा विषय परत कुणी काढला नाही.

ईएसआयच्या रजेवर असताना काढलं तर?

आमच्या वेळी १९४८ च्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ याच्यासाठीच होतं. माणूस सिकनेस बेनिफिट (आजारपणातला भत्ता) घेत असेल किंवा, नियमात दिलेल्या मुदतीपर्यंत, आजाराच्या उपचाराखाली असेल त्या काळात मालकानं काढायचं नाही, शिक्षा करायची नाही, आणि त्या काळात दिलेली काढल्याची नोटीस चालत नव्हती.

आता पैशाचं. साध्या आजाराला वर्षात ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. त्यानंतर लोकांना वाटतं संपलं, आणि इथंच फसतात. टीबी, कॅन्सर, लकवा, किडनी फेल असे ३४ मोठे आजार वेगळे काढलेत, त्यांना ८० टक्क्यांनी वाढीव लाभ मिळतो आणि तो एकूण २ वर्षांपर्यंत जाऊ शकतो. अट ए, दोन वर्षं विम्यात असायला पाहिजे आणि ४ अंशदान काळांत (सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. आम्हाला हे चिकलठाण्याच्या हॉस्पिटलात लाईनीत उभ्या असलेल्या एका मावशीनं सांगितलं, काउंटरवरच्या माणसानं नाही. सर्टिफिकेटात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका, खंड पडला की कंपनीचं हजेरी बघणारं टाइम ऑफिस लगेच गैरहजेरी लावतं.

ईएसआय पगाराच्या २१ हजारांपर्यंत, दिव्यांग कामगाराला २५ हजारांपर्यंत.

कंपनी म्हणते ऑर्डर नाहीत, मंदी ए, म्हणून छाटणी. पण लिस्टमधे आजारी माणसंच कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खरी लबाडी इथं असते कारण छाटणी कायदेशीर ए, आजारी म्हणून काढणं दिसायला वाईट, मग आजाऱ्याला छाटणीच्या पोत्यात घालायचं.

तपासायचं काय तर नियम ए की शेवटी आला तो आधी जाणार. म्हणजे त्याच कॅटेगरीत तुमच्यानंतर लागलेला ऑपरेटर आत काम करतोय आणि तुम्ही ११ वर्षांचे बाहेर, तर कंपनीला त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात. सिनियॉरिटी लिस्ट मागा, नोटीस बोर्डचा फोटो काढायला मित्राला सांगा. "कामगिरी" नावाचा रकाना असेल आणि त्यात तुमचे मार्क कमी असतील तर कमी कुठल्या महिन्यांचे ते बघा, रजेच्या महिन्यांचे असतील तर झालं, आजारपणच मोजलंय त्यांनी. आणि छाटणीनंतर तुमच्या जागी नवीन पोरगा ठेक्यावर भरला तर त्याची तारीख लिहून ठेवा. भरती करताना आधी छाटलेल्याला विचारायला पाहिजे, हा पण नियमच ए.

छाटणीला एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. आमच्या वेळी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, १०० किंवा जास्त कामगार असलेल्या फॅक्टरीला आधी सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झालेत, त्यात तो आकडा ३०० झाला. म्हणजे दीड-दोनशे माणसांच्या शॉपला आता मोकळं रान, वाळूज-शेंद्र्यातले किती कारखाने यात बसतात तुम्हीच मोजा. कोडमधे एक चांगलं आलं, छाटलेल्या माणसासाठी मालकानं १५ दिवसांचा पगार वेगळ्या कौशल्य निधीत टाकायचा आणि तो ४५ दिवसांत खात्यात यायला पाहिजे. हिशोब घेताना हे मागा, आपणहून कुणी सांगत नाही.

जुन्या १९४७ च्या कायद्यात एक काटा होता, "सततच्या आजारपणामुळं" काढलं तर त्याला छाटणी धरत नव्हते, म्हणून बऱ्याच जुन्या एचआरच्या डोक्यात तेच बसलंय की आजारी माणसाला काही द्यावं लागत नाही. आमच्यावर पण तेच टाकायला बघितलं. वकिलानं एकच विचारलं, सतत म्हणजे किती, आणि कोणत्या डॉक्टरनं लिहून दिलं हा कुठलंच काम करू शकत नाही? तसा कागद त्यांच्याकडं नव्हता, उलट घाटीच्या कागदावर बसून करायचं काम जमेल असं लिहिलेलं होतं. वकील म्हणाले, ताई या एका ओळीनं अर्धी केस झाली.

गैरहजर म्हणून नोटीस आली, आता?

उत्तर द्या, लगेच द्या, फाडून टाकू नका. इतके दिवस गैरहजर म्हणून नाव आपोआप कमी असं स्टँडिंग ऑर्डरमधे (कंपनीच्या नोकरीच्या नियमांत) लिहिलेलं असलं तरी चौकशी न करता, माणसाचं म्हणणं न ऐकता नाव कमी करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९३ मधेच सांगितलंय. उत्तरासोबत सर्टिफिकेटच्या झेरॉक्स जोडा. ओरिजिनल कुणालाच देऊ नका, साहेब कितीही गोड असू द्या.

हलकं काम मागायचं कसं?

नुसतं "हलकं काम द्या" लिहिलं की उत्तर येतं हलकं काम उपलब्ध नाही, विषय बंद. तुम्हीच सांगा कोणतं. आम्ही दोघांनी रात्री बसून शॉपमधली सगळी कामं लिहिली. टूल क्रिबला हत्यारं देणं-घेणं, गेज तपासणी, स्टोअरची एन्ट्री, स्क्रॅपचं वजन लिहिणं. त्यातली चार डाव्या हातानं होणारी निवडली आणि अर्जात नावानिशी टाकली, वर लिहिलं की फर्स्ट शिफ्ट द्या, बसायला पाठ असलेली खुर्ची द्या, जिन्यावरचं काम नको. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. एवढं स्पष्ट मागितलं की नाही म्हणायला पण कारण लिहावं लागतं. आणि खुर्चीचा, रॅम्पचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही, हे पण त्याच २०१७ च्या नियमांत ए, आमच्या एका ओळखीच्याकडून तिकडं जालन्यात खुर्चीचे पैसे पगारातून कापले होते, काय म्हणावं.

हिशोबात काय काय यायला पाहिजे?

राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, छाटणी असेल तर वर सांगितलेले १५ दिवस, आणि ग्रॅच्युइटी. छाटणीची भरपाई वेगळी आणि ग्रॅच्युइटी वेगळी, दोन्ही एका आकड्यात कोंबून देतात, सही करायच्या आधी फोड मागा.

ग्रॅच्युइटीला ५ वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत ए, पण अपंगत्वामुळं किंवा मृत्यूमुळं नोकरी संपली तर ५ वर्षांची अट नाही, हे कुणालाच माहीत नसतं. ३ वर्षांच्या सर्व्हिसवाल्याला पण मिळते. हिशोब सोपा ए: बेसिक आणि डीए मिळून भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,२०० असतील तर रोजचे ७००, पंधरा दिवसांचे १०,५००, ११ वर्षांचे १,१५,५००. ३० दिवसांत मिळायला पाहिजे.

पीएफ तर ए च. पण कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ईपीएस (पीएफसोबतची पेन्शन योजना) मधून पेन्शन मिळते आणि त्याला १० वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. पीएफ घाईनं पूर्ण काढायच्या आधी हे बघा.

मी ठेकेदाराकडं आहे, माझं काय?

ईएसआय, पीएफ तुम्हालाही आहे, आणि ठेकेदारानं भरलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. तुमचा विमा नंबर फोनमधे सेव्ह करा आणि वर्गणी दर महिन्याला जमा होते का बघत जा, आजारी पडल्यावर बघून उपयोग नाही. नोकरी सिद्ध करायला गेटपास, हजेरीचे मेसेज, बँकेतली पगाराची एन्ट्री. बाकी उसाच्या टोळीवर जाणाऱ्या आपल्या बीड-धाराशिवच्या लोकांना यातलं जवळजवळ काहीच लागत नाही, मुकादमाची उचल तेवढी डोक्यावर राहते. त्यांना मी तहसीलच्या योजनेपलीकडं काही सांगू शकत नाही.

मी सुपरवायझर / इंजिनिअर आहे, लेबर ऑफिस म्हणतं तुम्ही कामगार नाही

कोडप्रमाणं सुपरवायझरीचं काम आणि १८,००० च्या वर पगार असेल तर कामगारात धरत नाहीत, आधी १०,००० होते. पण हुद्दा काय लिहिलाय यापेक्षा काम काय करता ते बघतात, नावाला सुपरवायझर आणि दिवसभर मशीनवर असे पुष्कळ असतात. खरेच सुपरवायझर असाल तर अपॉइंटमेंट लेटर, ग्रॅच्युइटी आणि दिव्यांग आयुक्त एवढे आधार उरतात.

एचआयव्ही ए, कंपनीला सांगावंच लागतं का?

नाही. २०१७ चा वेगळा कायदा ए, सप्टेंबर २०१८ पासून लागू, आणि हा प्रायव्हेटलाही सरळ लागतो. नोकरीसाठी टेस्टची सक्ती करता येत नाही, आणि या कारणानं काढताही येत नाही, दुसऱ्यांना लागण व्हायचा मोठा धोका ए किंवा माणूस ते काम करायला अनफिट ए असं बाहेरच्या तज्ज्ञ डॉक्टरनं लेखी दिल्याशिवाय. या बाबतीत मोठा अपंगत्वाचा कायदासुद्धा एवढा स्पष्ट नाही.

तक्रार कुठं करायची, किती दिवसांत?

लेबर ऑफिसला समेटासाठी अर्ज, ४५ दिवसांत मिटलं नाही तर सरळ कोर्टात जाता येतं. आधी काढल्यापासून ३ वर्षं मुदत होती, कोडमधे २ च केली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली आम्ही गेलो तिथं तर ९० दिवसच होते. तेव्हा पहिल्या भेटीतच वकिलाला विचारा कशाखाली टाकताय आणि शेवटची तारीख कोणती. भेदभावाची तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं पोस्टानं जाते, जायची गरज नाही.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण ए. बाई, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार, या तिघांनाही उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. आमच्या घरात तिन्ही होते, म्हणलं आता तर नाही म्हणूच शकत नाहीत.

सर्टिफिकेट काढायला किती हेलपाटे?

आधी स्वावलंबनच्या पोर्टलवर ऑनलाईन अर्ज, मग घाटीत किंवा तुमच्या जिल्हा रुग्णालयात बोर्ड. बोर्डाचा वार फोनवर विचारूनच निघा. एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, सगळं न्या. लकव्यात लगेच कायमचं देत नाहीत, मुदतीचं देतात, मुदत संपायच्या आधी रिन्यू करा.

तोवर घर कसं चालवायचं?

ईएसआयचे पैसे, संजय गांधी निराधारचा तहसीलला अर्ज, दवाखान्याला महात्मा फुले योजना. आणि खरं सांगू का, माझी मशीन. रात्री बारापर्यंत ब्लाऊज शिवले.

शेवटी तुमचं काय झालं?

हे सगळेच विचारतात. जानेवारी २०२४ मधे समेट झाला. टूल क्रिबला घेतलं, ग्रेड तोच, सर्व्हिस जोडून धरली. मधल्या ७ महिन्यांचा पगार सोडावा लागला, त्यावर मी अजून चिडते, पण मिस्टर म्हणतात जाऊ दे. डाव्या हातानं रजिस्टर लिहितात आता, अक्षर आधीपेक्षा बरं ए.